उसामागे कोण राहणार

प्रिय कमलेश,

तुझा लांबलचक संदेश मिळाला. ब्रिस्बेनच्या गार खोलीत बसून तू फिजीतल्या उसाचं भविष्य सांगतोस आणि मी इथे घाम पुसत ते वाचते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते आता नीट कळलं. तुझं म्हणणं असं, की साखरेचा धंदा मेलाय, बाबूजींनी घेतलेला जमिनीचा भाडेपट्टा डिसेंबरात संपतोय तो संपू द्यावा, जमीन मूळ मालकांना, म्हाताऱ्या अपेनिसाच्या घराण्याला, परत जावी आणि मग तुझ्या ओळखीच्या गोऱ्यांनी तिथे सुट्टीतली घरं बांधावीत. मला तू तुझ्या गॅरेजवरची खोली देणार, आणि हे सगळं उरकायला त्या गोऱ्यांना घेऊन यायचं तिकीटही काढलंस. उपकार झाले.

धंदा मेलाय म्हणतोस, पण तुला त्याचं अर्धंही माहीत नाही. यंदा गाळप सुरू झालं तेव्हा मंत्री आले, गळ्यात हार, तोंडात भाषण. ते गाडीत बसून गेले आणि संध्याकाळी कारखान्याची चिमणी थंड पडली. बॉयलर म्हणे फुटला. दरवर्षी फुटतो, दरवर्षी साहेबांना नव्यानं आश्चर्य वाटतं. उसाच्या लॉऱ्या रस्त्यावर रांगेत उभ्या, ड्रायव्हर लॉऱ्यांच्या सावलीत नंगोनाच्या मुळ्यांचं गढूळ पाणी पीत, झिंगून पडलेले, आणि वरचा ऊस उन्हात वाळतोय. मग वजनकाट्यावरचा पोरगेला साहेब मला म्हणतो, “काकी, तुमचा ऊस फार हलका आला.” मी म्हटलं, बाबा रे, तुलाही रस्त्यावर असाच आडवा टाकला तर तूसुद्धा हलकाच भरशील. तो हसला नाही. त्या ऑफिसात हसायची परवानगी वरून यावी लागत असेल. खताचं तर विचारूच नकोस. खोडवा डोक्याइतका वाढल्यावर खत येतं, वरातीमागून घोडं.

तोडीला माणूस नाही. आपल्या टोळीचा सरदार फरीद आठवतो ना, बाबूजींच्या चहात चार चमचे साखर घालून पिणारा? तो आता दारोदार फिरून म्हातारे गोळा करतो. तरणी पोरं सगळी तुमच्या ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेली. इथे कोयता धरायला लाज वाटते, तिथे गोऱ्याच्या बागेत वाकायला वाटत नाही. जे उरलेत त्यांना हिरवा ऊस तोडायला नको. पाला टोचतो म्हणे. मग कुणीतरी गुपचूप काडी लावतं. जळलेला ऊस कारखान्याला आधी घ्यावा लागतो, त्यामुळे पेटवणारा रांगेत पुढे जातो आणि शहाण्यासारखा हिरवा तोडणारा मागे कुजतो. गेल्या आठवड्यात शेजारचं शेत पेटलं. वारा आमच्याकडे होता. आम्ही दोघी ओली पोती घेऊन बांधावर उभ्या होतो, केस होरपळले, पण आपला ऊस वाचला. सकाळी तोच शेजारी तोंड वर करून विचारतो, “दीदी, तुमचा नाही का पेटला?” असल्या माणसांत मी राहते.

पण त्या सगळ्यांच्या वर तू. अपेनिसाला तू जमिनीचं फोनवरून विचारलंस म्हणे! ज्याच्या दारात बाबूजी पट्टा नवा करताना दर वेळी रीतीप्रमाणे नंगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन मांडी घालून बसायचे, त्याला तू घरांची रंगीत चित्रं पाठवलीस. त्याचं काय झालं ते ऐक. मंगळवारी मी जुडी घेऊन त्याच्याकडे गेले. बाईनं हे करायचं नसतं, त्यासाठी पुरुष लागतो, असं फरीद कुरकुरला. मी म्हटलं, आमच्या घरचा पुरुष फोनमध्ये राहतो. सोबत आणखी कुणीतरी होतं, ते नंतर सांगते. चटईवर बसलो, जुडी ठेवली, रीतीच्या टाळ्या झाल्या. म्हातारा म्हणाला, “इंद्रा, तुझा भाऊ फार मोठा झाला. माझ्याशी बोलायला त्याला खाली बसावं लागत नाही. चित्रं धाडली आणि खाली एक अंगठा. त्या अंगठ्याचं मी करू काय, चोखू?” सगळं घर हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

मग मात्र तो गंभीर झाला. “तू माग, मी देईन. पण जुडी ठेवताना तुझे गुडघे कडाकडा वाजले ते मी ऐकलं. तुझ्यामागे ऊस कोण बघणार? मी शेत ऊस लावायला देतो, गवत वाढवायला नाही.” कमलेश, म्हाताऱ्याचं चुकलं काय? मूल ना बाळ, भाऊ तुझ्यासारखा. आपलं शेत गेलं, असंच मला वाटलं. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, “मी बघेन.”

ती प्रितिका होती. तुझी मुलगी. ती विद्यापीठात नाही, गाळप सुरू झाल्यापासून इथे आहे. रोज रात्री तुम्ही फोनवर तिच्यामागे जी निळी भिंत बघता, ती माझ्या मागच्या खोलीची आहे. अपेनिसानं तिला नंगोनाची वाटी भरून दिली, तिनं तोंड वेडंवाकडं करत ती एका दमात संपवली, आणि नव्या पट्ट्यावर माझ्या नावाखाली तिचं नाव लागलं. तुला सांगायची तिची छाती होत नाही, म्हणून हे पत्र. तिला मी फूस लावली असं म्हणशील. वर जे जे लिहिलंय ना, बॉयलर, रांग, आग, ते सगळं मी तिला रोज जेवताना ऐकवलं, ती पळून जावी म्हणून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “फुआ, एवढं वाईट आहे तर तू का नाही गेलीस?” इतक्या वर्षांत तू हे मला एकदाही विचारलं नाहीस. तिकीट काढलंच आहेस तर ये, त्या गोऱ्यांना मात्र आणू नकोस. तिला समजावून परत नेता आलं तर ने, तुझा हक्क आहे. पण तुला ते जमू नये, असं मला फार वाटतं.

तुझीच,
इंद्रा दीदी