न चाखता

३ मार्च, सोमवार

अर्धी जीभ गेली ती गेलीच!

डाव्या कानाच्या ऑपरेशनला आज सात आठवडे झाले. कान उत्तम. पण चवीची एक नस म्हणे मधल्या कानातून जाते, ती दुखावली. सर्जननं आधीच सांगितलं होतं, मी सहीही केली होती. आता तक्रार कुणाकडे करणार? 'परत येईल, काही महिने लागतील. क्वचित नाही येत.' जिभेच्या डाव्या बाजूला काही कळत नाही, आणि उजवीकडे सगळं कळकलेलं लागतं, कल्हई गेलेल्या पातेल्यातल्या ताकासारखं.

दुसऱ्या कुणाचं काही अडलं नसतं. मी जिभेवर पोट भरते! बारा वर्षं वाईन-मर्चंटकडे. कुठली घ्यायची, कुठली नाही, हे चाखून सांगायचं. ऑफिसात कुणाला बोललेले नाही.

आणि आज रोझलिंडची, म्हणजे बॉसची, ईमेल. स्पेनच्या डोंगरातली रेड, चौऱ्याण्णव वर्षांच्या वेलींची. सॅम्पल येतंय. सगळी आपण घ्यायची, नाहीतर अजिबात नाही. निर्णय २७ तारखेला. 'युअर कॉल, देविका.'

तोंडचं पाणी पळालं.

६ मार्च

चहा कळकलेला. वरण कळकलेलं. नवऱ्याचं, स्वानंदचं, 'होईल गं बरं' तेही कळकलेलं!

१३ मार्च, होळी

आज फुटले.

आई पुरणावर होत्या, मी कटाच्या आमटीवर. (सासूबाई गेली चार वर्षं आमच्याकडे आहेत, इथे लंडनमध्ये, पिनरला. स्वयंपाकघर त्यांचं, आम्ही भाडेकरू.) हात सवयीनं चमच्याकडे गेला. त्यांनी तो काढून घेतला. 'नैवेद्य दाखवायचाय अजून. उष्टं करतेस?'

मी म्हटलं, 'चाखून तरी काय, आई? मला कळतंय कुठे!' आणि ओट्याला टेकून भडाभडा रडले. नोकरी, सॅम्पल, २७ तारीख, सगळं सांगून टाकलं. जे स्वानंदलाही धड सांगितलं नव्हतं.

आईंनी पुरणाचा गॅस बंद केला. जवळ वगैरे घेतलं नाही, तो त्यांचा स्वभाव नाही. म्हणाल्या, 'पन्नास वर्षं मी देवाचं न चाखता करते. कधी अळणी झालंय? मीठ पडलं की आमटीचा वास बदलतो. तुझं नाक आहे ना जागेवर?'

'आहे.'

'मग मिट डोळे.' झाकण काढलं. 'सांग.'

चिंच. काळा मसाला, त्यातलं खोबरं जरा जास्त भाजलेलं. गूळ मागे कुठेतरी. आणि सगळं सुटं सुटं, एकमेकांशी न बोलणारं. 'मीठच नाहीये!' मी ओरडले.

'मग घाल की. माझ्याकडे काय बघतेस?'

घातलं. ढवळलं. आणि खरंच वास एकजीव झाला! बारा वर्षं लोकांना नाकाचं महत्त्व सांगतेय, पण घाबरल्यावर स्वतःच विसरले.

स्वानंद जेवताना म्हणाला, 'परफेक्ट झालंय. कोणी केलं?' आई म्हणाल्या, 'देविकानं.' एवढंच. पण काय बरं वाटलं!

१६ मार्च, रविवार

आईंची शाळा. मिसळणाचा डबा, वर माळ्यावरचे डबे, सगळे ओळीनं. माझे डोळे पंच्यानं बांधलेले. ओळखलं की सुटका नाही. 'नागकेशर. बरं. पण कसं? कुठे नेतं तुला?'

म्हटलं, आजोळच्या कपाटात. पैठण्यांच्या घडीत. त्यांनी डबा माझ्या नाकाशी तसाच धरून ठेवला. मग, 'अजून सांग.'

वैताग येतो कधीकधी. म्हटलं, 'आई, तुम्हीही सांगा ना एखादा.' तर म्हणे, 'परीक्षा कुणाची आहे?'

१९ मार्च

आईंबरोबर वेम्बलीला. ईलिंग रोडवर प्रत्येक दुकानापुढे थांबवून 'सांग!' मेथीच्या जुड्या, ओली पोती, तळणाचं कालचं तेल, अगरबत्ती. एक गुजराती काकू हसल्या. आई नाही हसल्या.

२२ मार्च, शनिवार

सॅम्पल घरी आणलं. आईंची परवानगी मिळाली, पण देवघराकडे पाठ करून बसायचं आणि ग्लास मीच धुवायचा! बाटली उघडताना आई समोर खुर्ची ओढून बसल्या. मी घोट फिरवून, धंद्याच्या रीतीप्रमाणे, बादलीत थुंकले तर, 'एवढी महागाची, आणि थुंकतेस?' प्यायले असते तर काय म्हणाल्या असत्या देव जाणे.

ग्लास त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला, नाकाशी नेला नाही. 'रंग डाळिंबाचा आहे. बाकी तू सांग.'

सांगितलं. आधी वाळत घातलेली करवंदं. मग आमसूल. मग ओवा! डोंगरातलं कुठलंतरी रानटी झुडूप असणार, पण मला ओवाच. थोड्या वेळानं गुलकंद. आणि पार शेवटी, ग्लास रिकामा झाल्यावर, तापलेल्या दगडावर पाणी शिंपडावं तसं.

चव गेली तरी तुरटपणा कळतो, कारण ती चव नाहीच, तो स्पर्श. हिरड्यांना कळतो. हलक्या वाईनमध्ये रव्यासारखा खरखरतो, हा वस्त्रगाळ पिठासारखा. आंबटपणा तोंडाला किती पाणी सुटतं त्यावरून. तेवढं माझ्याकडे शिल्लक आहे! एवढे दिवस नाही त्याचाच हिशेब करत बसले होते.

आईंना समजावलं, वेल म्हातारी झाली की घड थोडेच धरते, पण त्यांचा रस दाट असतो.

'म्हणजे म्हाताऱ्यांना ठेवून घेण्यात फायदा असतो,' आई म्हणाल्या. वर चेहरा अगदी सरळ!

२५ मार्च

रोझलिंडला आधी सांगायचं. न सांगता निर्णय देणं ही लबाडी. नाक मुठीत धरून जावं लागलं तरी चालेल.

२७ मार्च, गुरुवार

सगळं लिहून ठेवते, एकेक.

मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत पिनरपासून एकच वाक्य घोकत गेले. ऑफिसात शिरल्या शिरल्या सांगितलं. रोझलिंडनं लॅपटॉप बंद केला. मग एकच प्रश्न, 'व्हॉट हॅव यू गॉट लेफ्ट?'

'नाक. हिरड्या. आणि अर्धी जीभ, तीही खोटं बोलणारी.'

ती आत गेली, चार ग्लास भरून आणले. कशात काय, सांगितलं नाही. मी डोळे मिटले. कानात आईंचं 'सांग' होतं.

तिसरा ग्लास. ओवा! दगड! वस्त्रगाळ पीठ! ही म्हाताऱ्या वेलींची. पण चौथ्यातही तीच करवंदं, फक्त त्यावर ओलं गोणपाट पसरलेलं. म्हटलं, 'हीसुद्धा तीच वाईन आहे. हिचं बूच खराब आहे.' रोझलिंडनं चौथी बाटली उचलून हुंगली, पुन्हा हुंगली. 'मला कळलं नव्हतं हे,' म्हणाली. तिला! पस्तीस वर्षं या धंद्यात असलेल्या बाईला!

पंधरा वर्षं टिकेल, सगळी घ्या, असं सांगितलं. घेतली. जीभ परत येईपर्यंत माझ्या जोडीला एक जण चाखायला बसेल, आणि नाही आली तरी बसेल. 'युअर जॉब इज युअर जॉब.' जिन्यात येऊन रडले. या वेळी आनंदानं.

३० मार्च, रविवार

पाडवा, इथला मदर्स डे आणि उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे, सगळं एकाच दिवशी. गुढी एक तास उशिरा उभारली की वेळेवर, यावर माय-लेकांचा वाद!

आईंना कार्ड दिलं. लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदा. आत मराठीत लिहिलं, 'माझं काम तुम्ही परत दिलंत.' माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. वाटलं होतं, आता असं रागावून शिकवणारं कुणी उरलं नाही. या घरात मी किती भाग्यवान आहे हे कळायला अर्धी जीभ जावी लागली.

आईंनी कार्ड दोनदा वाचलं. 'मी काय दिलं? तूच तर देत होतीस,' म्हणाल्या आणि पुऱ्या लाटायला गेल्या. विनय, दुसरं काय!

३१ मार्च, सोमवार

स्वानंद कामावर गेल्यावर आईंनी बोलावलं. 'त्याला सांगू नकोस. गॅस काढून घेईल माझ्याकडून.' मग म्हणाल्या, तीन वर्षांपूर्वीच्या तापानंतर त्यांना कसलाच वास येत नाही. उदबत्तीचा नाही, पुरणाचा नाही. स्वयंपाक हाताच्या मापावर चाललाय. 'तू सांगायचीस ना, तेव्हा यायचा गं. नागकेशराचासुद्धा.'

गॅसचं स्वानंदला सांगावं लागेल, गळती झाली तर आईंना कळणार नाही. ते संध्याकाळी.

आत्ता चहा गाळला, दोन कप. त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, आधी आलं येतंय, आई. ठेचलेलं, सालीसकट.