शिक्षेबद्दल काही सांगायचंय का?

अव्वा,

तू मान का हलवलीस? आधी एवढंच सांग.

शेजाऱ्याचा हात आम्ही दोघा भावांनी मिळून मोडला, दोषीही दोघं ठरलो. मग जजसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "शिक्षेबद्दल काही सांगायचंय का?" अण्णा थोरला, म्हणून आधी तो. म्हणाला, "आई म्हातारी आहे साहेब, तिला मीच सांभाळतो." राहतो हुबळीला, उगादीच्या सणाला तेवढं तोंड दाखवतो, आणि म्हणे मीच. साहेबांनी तुला विचारलं, "खरं का हो, आजी?" आणि तू हो म्हणून मान हलवलीस. तुझी भाकरी दुधात कुस्करतो कोण? डोळ्यांत औषध घालतो कोण?

मग माझी पाळी. खरं बोललो असतो तर तू खोटी पडली असतीस. म्हटलं, "काही नाही, साहेब."

अण्णाला एक वर्ष, मला तीन. "याच्यावर कुणीच अवलंबून नाही," असं साहेब म्हणाले, तेव्हा तू समोरच बाकावर बसली होतीस.

आत्ता जेलचा शिपाई आला, तू भेटीला आलीयस म्हणाला. मी विचारलं, "आधी कुणाचं नाव घेतलं तिनं?"

"थोरल्याचं."

मग त्यालाच भेट. हा कागदही मी देणार नाही. मागावर विणायला चाललोय.

तुझा धाकटा,
ईरप्पा