दोन अंगणांत उभी असलेली एक मोटार

मी, गुणवंतराव तुळशीराम लोनबले, वय त्रेसष्ट, निवृत्त शाळामास्तर, राहणार मौजे सावली, जिल्हा चांदा, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी हात धरून लिहवून घेत नसताना, माझ्या स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र करून ठेवतो. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि औषधाऐवजी माझ्या मुलाबाळांची चौकशी केली, तेव्हा बाकीचे मी समजलो. डोके ठिकाणावर कधीच नव्हते, असे पत्नी कमळा म्हणते. तिचे म्हणणे या कागदापुरते बाजूला ठेवावे.

कलम १. राहते घर, परसातली विहीर, धानशेतीच्या दोन बांध्या आणि पोस्टात असेल ते, सर्व कमळाचे. तिच्यामागे एकुलता एक मुलगा लटारू याचे. लटारू चांद्याला कचेरीत कारकून आहे. आमच्या गोठ्यात मोटारीचा सांगाडा पडला आहे, त्याकडे बघून तो दर दिवाळीला म्हणतो, "बाबा, भंगारवाल्याले देऊन टाकू." पोरगा गुणी आहे, पण त्या सांगाड्याबाबत त्याचा सल्ला कोणी घेऊ नये.

कलम २. पाने, जॅक, हातोडी आणि तेलाची बुधली, ही हत्यारे गावात ज्याला मोटारीत फेरफार करण्याचा नाद लागेल त्याला द्यावीत. नाद लागलेला माणूस ओळखणे सोपे आहे, तो जेवताना ताटात काय वाढले ते सांगू शकत नाही. मास्तरकी सुटत नाही म्हणून त्याला चार शब्द. पहिला महिना काही बदलू नये, गाडी नुसती ऐकावी. जे सोडवले ते सोडवल्या क्रमाने गोणपाटावर मांडावे. आम्ही पहिल्या दिवशी सगळे एका टोपलीत टाकले आणि तीन आठवडे टोपलीकडे बघत बसलो. सुरुवात बैठकीपासून किंवा दिव्यापासून करावी, इंजिनाला शेवटी हात लावावा. आणि भागीदाराला विचारल्याशिवाय करवत उचलू नये. हे शेवटचे मी पाळले नाही. पुढचे कलम त्याचेच आहे.

कलम ३. मोटार. सन १९५० साली अहेरीच्या एका लाकूड ठेकेदाराने मोडीत काढलेली जुनी मोटार मी आणि नथ्थू वाढई यांनी निम्मी-निम्मी घेतली. नथ्थू समोरच्या घरात राहतो. सुतारकामात त्याचा हात धरणारा सावलीत कोणी नाही. मोटारीतले मात्र आम्हा दोघांनाही ओ की ठो कळत नव्हते. कमळाने कपाळाला हात लावला. "घरी बसाले धड पाट नाई, अन् मोटारीले सागवान लावून राह्यले."

पण लावले. वाळवीने खाल्लेले दरवाजे काढून नथ्थूने सागवानी केले. नाल्यात इंजिन बुडू नये म्हणून आम्ही ठोकळे घालून गाडी वीतभर उचलली. मागची बैठक अशी केली की माणसाला आडवे होता यावे. ती माझी हौस. नथ्थूने गाडी हळू चालवावी, मी आडवे पडावे, आणि मोहाच्या फांद्या डोक्यावरून मागे मागे जाव्यात. त्या सरत नाहीत. थोड्या वेळाने गाडी थांबलेली वाटते आणि रानच चालू लागते. वय, गाव, शाळेची घंटा, काही आठवत नाही. असे सुख मला दुसरे मिळाले नाही.

मग नथ्थूने तिला बांबूच्या चटईचे छप्पर केले. एटापल्लीहून बांबू आणला, वाकवला, विणला. तीन महिने एकट्याने. देखणे झाले होते. पण त्यातून फांद्या दिसेनात. नथ्थू मेहुणीच्या लग्नाला गेला असताना मी करवत घेतली आणि छप्पर कापून टाकले. विचारले असते तर तो नाही म्हणाला असता, म्हणूनच विचारले नाही. वर गावभर सांगत फिरलो की छप्पर सडले होते. ते सडले नव्हते.

तो आला, बघितले, म्हणाला, "मास्तर, वाटणी करा."

आमच्याकडे भावाभावांत होते तशीच झाली. वाटे एकाने घालायचे, उचलायचे दुसऱ्याने. नथ्थूने एकीकडे लाकूड मांडले, एकीकडे लोखंड. मोटार फोडून कोणी वाटून घेते का, एवढे मी म्हणायला हवे होते. मी ताठ्यात लोखंड उचलले. चार वर्षे झाली. दरवाजे आणि बैठक त्याच्या पडवीत, इंजिन आणि चाके माझ्या गोठ्यात, मध्ये बारा पावलांची गल्ली.

दर रविवारी मी इंजिन सुरू करतो, सांगाड्यावर गोणपाट टाकून बसतो आणि डोळे मिटतो. व्याहाडजवळ वैनगंगेची रेती लागते, गडचिरोली मागे पडते, आलापल्लीचे सागवान सुरू होते. गाडी जागची हलत नाही, मी अहेरीला पोचतो. बाजूला बघतो तर नथ्थू नसतो. मग इंजिन बंद करतो.

तरी माझ्या वाट्याचे सर्व लोखंड माझ्यामागे नथ्थूला द्यावे. त्याने गाडी पुरी जोडावी. चूक माझी होती. हे तोंडाने सांगायला माझी जीभ रेटली नाही.

कलम ४. साक्षीसाठी नथ्थूलाच बोलावले आहे. मृत्युपत्राच्या साक्षीला आमच्या गावात वैरीही येतो. दुसऱ्या कशाने तो माझ्या दारात आला नसता.

येथपर्यंत सर्वांसमक्ष वाचून दाखवले. पुढे घडले ते असे.

कागद तपासायला बसलेले रामाजी अर्जनवीस म्हणाले, "ज्याले मिळते त्यानं साक्ष घालू नये. उद्या कोणी बोट दाखवन." नथ्थूने सहीसाठी उचललेला टाक खाली ठेवला. मला वाटले, उठून जातो.

"मंग ते कलमच खोडा," तो म्हणाला.

"तुले नाई पायजे?" मी विचारले.

"मेल्यावरची गाडी मले काऊन देता, मास्तर? दरवाजे आत्ता आणतो."

मी रडलो. असले कायद्याच्या कागदात येत नाही, असे रामाजी म्हणतात. मी लिहिले आहे.

सबब कलम ३ मधले देणे रद्द केले आहे. मोटार आजपासून पुन्हा दोघांची सामाईक झाल्याने तिची व्यवस्था या कागदात नाही.

हा कागद मी लिहिला, ऐकवला आणि खोडला. खाडाखोडीसकट तो माझाच आहे.

मुक्काम सावली, बुधवार, दिनांक ११ डिसेंबर १९५७
(सही) गुणवंतराव तुळशीराम लोनबले

साक्षीदार:
१. (सही) रामाजी गोविंदा भुरसे, अर्जनवीस
२. (सही) नथ्थू फकिरा वाढई, सुतार. यास या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.