माझ्या नावाचं गाणं

प्रिय युसाकु,

तुझ्या निरोपाच्या सामन्यातून मी न सांगता मागच्या दाराने निघून आलो, म्हणून तू रागावला असशील. रागव. मीही रागातच निघालो होतो.

तुझ्या लोकप्रियतेवर माझा कधीच विश्वास बसला नाही. आपण एकाच शाळेतून एकाच क्लबात आलो. गोल तुझ्यापेक्षा आपल्याच संघातल्या निशिवाकीचे जास्त, देशाकडून सामने माझे जास्त. तरी बिस्किटाच्या पुड्यावर फोटो तुझा, टीव्हीवर भाजलेलं रताळं खाऊन हसणाराही तूच. इथे याइझूच्या बंदरावर मासे निवडणाऱ्या बायकाही मला तुझ्याबद्दल विचारतात, "सेगावासान खरंच इतके साधे आहेत का हो?" इतका साधेपणा उगाच नसतो, असं मी मिहोला म्हणायचो. ती म्हणायची, "तुम्हाला मिसो सूप खारट झालं तरी त्यात कट दिसतो." बायकोच ती.

तेव्हा तुझं आमंत्रण आलं आणि मला वास आलाच. गुडघा गेला तेव्हा मला कुणी निरोप दिला नव्हता. आता तुझ्या निरोपाला मला शोभेला उभं करणार आणि लोक म्हणणार, बघा, सेगावा मित्राला विसरला नाही. तरी आलो. उत्तरार्धात मैदानात उतरलो, तर गोलामागचा स्टँड माझ्या नावाचं गाणं म्हणायला लागला, मी खेळायचो तेव्हा माझ्यासाठी म्हणायचे तेच. खेळाडू गेला की त्याचं गाणं विरतं, नाहीतर नव्याला देतात. माझं मात्र त्यांनी शब्दन्‌शब्द म्हटलं. मी खेळत होतो तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी पोरं म्हणत होती. लगेच माझ्या मनात आलं, हे युसाकुने पढवून ठेवलंय. भीक घातलीय मला. शिट्टी वाजताच निघालो. सगळ्यांनी ओळीने स्टँडपुढे जाऊन वाकायचं असतं, तेवढंही केलं नाही.

काल स्टँडातला ढोलवाला ओगुमा आमच्याकडे मासे घ्यायला आला. मी त्याला धरलंच. "खरं सांग, सेगावा तुला भेटायला आला होता की नाही?"

"आले होते ना," तो म्हणाला. "अगदी वाकून सांगत होते, तेत्सुयाचं गाणं म्हणू नका. तो महासंशयी आहे. त्याला वाटेल मीच सांगितलं, आणि पळून जाईल."

"मग?"

"मग काय? सेगावासानना विचारून गातो की काय आम्ही? स्टँडात नवीन माणूस आला की पहिलं तुमचंच शिकवतो. सोपं आहे."

तो गेला आणि मी मासे सोडून तसाच बसून राहिलो. मला रडू आलं, युसाकु. म्हणजे स्टँडातले लोक मला विसरले नाहीत, हे तुला ठाऊक होतं. इतकी वर्षं बोलला का नाहीस? बोलला असतास तरी मी मानलं नसतं, हेही तुला ठाऊक असणार. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. पत्र लिहितोय ते एवढ्यासाठी की शनिवारी आपल्या मैदानावर सामना आहे. मला त्या स्टँडपुढे जाऊन वाकायचं आहे, आणि एकट्याने जायचा धीर होत नाही. सोबत येशील का? टोपी घालून ये, नाहीतर सगळे तुझ्याकडेच बघतील.

तुझाच, संशयाची सवय न सुटलेला,
तेत्सुया