पहिल्या नंबराने मागितलेलं गाव

झरी, १२ मे १९९३

चि. हर्षदास अनेक आशीर्वाद.

मावशीचे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला स्टेशनात ड्युटीवर थांबतो आणि घरी आले की सुरू होतो म्हणे, तो तसाच का? त्यांच्या श्रुतिकाचा ताप उतरला असेल. इकडे तुझी आई मला बोलते त्यावरून तिची तब्येत उत्तमच म्हणायची. तुझ्या भावाच्या, धनेशच्या पायाचं गळू फुटलं.

डी.एड.ला तू पहिली आलीस, हे तलासरीच्या बाजारात ओळखीच्यांना सांगितलं, मग अनोळखींनाही. लहानपणापासून तुला सांगत आलो, सगळे धावतात तिकडे धावू नको, कोणी हात लावत नाही ते उचल. म्हणून तू गणित उचललंस. दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेल्या बापाचं ऐकलंस.

आता पहिल्या नंबराला आधी गाव मागता येतं म्हणतेस, तर डहाणूच माग. नळाचं पाणी, डॉक्टर जवळ, गाडी जवळ. तुझ्याकडे समुद्राकाठी राहायला यायचं म्हणून आईने ट्रंक पुसून ठेवली आहे. मीही गावभर सांगून बसलोय.

तुझा, अण्णा

डहाणू, २ जून १९९३

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

मावशीचे गुडघे तसेच, काका खोकतात, श्रुतिका बरी.

काल नेमणुका झाल्या. माझं नाव पहिलं पुकारलं. सगळ्यांना डहाणू हवं होतं, एकीने तर नारळ बोलला होता. साहेब रिकाम्या जागा वाचत होते. आपल्या झरी पाड्याची शाळा आली तशी सगळे खाली बघू लागले. अण्णा, तुमचं बोलणं कानात होतं. मी तीच मागितली. बाई, चुकून बोललात का, असं साहेबांनी दोनदा विचारलं. वडिलांनीच असं शिकवलंय म्हटल्यावर त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

गुरुजी नाहीत म्हणून हिरूकाकांची मुलगी काळी शेळ्यांमागे जाते, हेही मनात होतं. रागवायचं असेल तर आधी आईला विचारा.

तुमची, हर्षदा

झरी, ८ जून १९९३

चि. हर्षदास आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती हसली, ट्रंकेत परत गोधड्या भरल्या आणि म्हणाली, द्या अजून सल्ले. अगं, तो सल्ला परीक्षेपुरता होता, राहण्यापुरता नव्हता. तू गाव सोडून बाहेर पडावंस म्हणून शिकवलं, आणि तेच धरून तू परत येतेस.

नेमणूक बदलून घ्यायला काल मी तलासरीला निघालो. बसथांब्यावर हिरू भेटला, काळीला घेऊन. शेळ्या शेजारणीकडे ठेवून पोरगी केस विंचरून आली होती. बाई खरंच येणार का, विचारत होती. मी हो म्हटलं. बस आली आणि गेली. दुपारी शाळेचं कुलूप काढून वटवाघळं हाकलली. नमस्कार सांगणाऱ्या साहेबांना म्हणावं, छपराचंही बघा.

एकच गोष्ट राहते. शाळा उघडली की तू रोज समोर असणार, मग झरीतल्या झरीत मला पत्र कोण टाकणार? म्हणून निघण्याआधी एक लिही. लांबलचक लिही, आणि लवकर टाक.

तुझा, अण्णा