शेपटीचं लिंबू

रविवार, २२ जानेवारी. संध्याकाळ.

अजून राग उतरत नाही. आठ महिने खपून सहा फुटी पंखांचं विमान जोडलं, रेडिओ कंट्रोलवर उडणारं. शेपटीला तोळाभर वजन वाढलं तरी त्याचा तोल जातो. आणि थोरल्या दादानं नेमकी तिथंच लिंबू-मिरची बांधली! भिवपुरीच्या कापलेल्या शेतातून विमान उठलं, नाक आभाळाकडे करून थबकलं आणि बांधावर आपटलं. चुराडा. लिंबू तेवढं शाबूत.

वर दादाच म्हणतो, "लिंबू व्हतं म्हनून कुनाच्या डोक्यात नाय पडलं रं."



पण खरं लिहू? उडवण्याआधी मी ते लिंबू पाहिलं होतं. सोडायला हात घातला. गाठ सैल होती, ती मीच आवळली.