सरूबाईच्या पोत्यातले जोडे

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१२ जून

वेरूळचे श्री. कडुबादादा यांस,

पडेगावहून तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे सूर्यभानचा, दोन्ही हात जोडून राम राम. तुमची, वहिनींची आणि मेंढरांची तब्येत ठणठणीत आहे असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. तुमच्या तनुजाच्या लग्नाला आज बावीस दिवस झाले आणि बावीस दिवसांत तुम्ही आमचा एकही फोन उचललेला नाही. (वहिनी उचलतात, म्हणजे दोष नेटवर्कचा नाही.) म्हणून कित्येक वर्षांनी कागद हातात घेतला आहे. आमच्याकडे मी ठीक आहे. तुमची बहीण सरू ठीक नाही, पण तिकडे नंतर येतो.

आधी तुमच्या बहिणीच्या कलेबद्दल चार शब्द, कारण तुम्हाला तिची किंमत नाही. लहानपणी तुम्ही दोघांनी एकच कळप राखला. त्यातली सव्वाशे मेंढरं ती तोंडावरून ओळखायची, आणि तुम्ही अजून पाठीवर रंग लावून ओळखता. (हे तीच सांगते.) लग्न होऊन शहरात आली, इथं मेंढरं नाहीत, तेव्हा ती नजर चपलांवर गेली. आठ वर्षांपूर्वी घृष्णेश्वराला श्रावणी सोमवारी एक म्हातारा अनवाणी रडत उभा होता. हिनं त्याच्या पायाकडे एकदा पाहिलं आणि हजारभर चपलांच्या ढिगातून त्याचा जोड काढून दिला. तेव्हापासून दर श्रावणी सोमवारी ती देवळाबाहेर हीच सेवा करते. दर्शनाला आत गेल्याचं मला तरी आठवत नाही. बारसं असो की दहावा, चुकलेल्या चपला मालकाला पोचवल्याशिवाय ती ताटावर बसत नाही. मी कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, पण माझा चष्मा रोज सकाळी तीच शोधून देते.

आता लग्नाचं. नवरदेवाचे जोडे मेहुणीनं पळवायचे आणि मागणी पुरी झाल्याशिवाय द्यायचे नाहीत, ही रीत सरूला ठाऊकच नव्हती. (तुमच्या लग्नात कुणी पळवले नव्हते, कारण तुमच्या पायात नव्हतेच.) तुमच्या धाकट्या मोनिकानं विश्वजीतरावांचे जोडे आचाऱ्याच्या रिकाम्या तेलाच्या डब्यात दडवले. नवरदेव स्टेजवर अनवाणी उभा राहिला, मोनिकानं मागणी करायला माइक हातात घेतला, आणि तेवढ्यात तुमची बहीण स्वयंपाकाकडून आली. हातात जोडे. पदरानं तेल पुसत म्हणाली, “हे घ्या पाव्हणं. डब्यात पडलं व्हतं.” वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. मी तर उभा राहून वाजवल्या.

मग मोनिका पातेल्यांमागे बसून रडायला लागली, तेव्हा आम्हाला खरी गोष्ट कळली. तनुजाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलेलं. सासऱ्यांना, म्हणजे चितेगावच्या सखारामरावांना, त्याबद्दल विचारलं की ते “बघू” म्हणायचे, आणि लग्नानंतर असलं “बघू” कुणी बघत नाही हे मोनिकाला एकोणिसाव्या वर्षीच कळलं होतं. जोड्यांच्या बदल्यात ती भर मांडवात बहिणीसाठी तेवढं एक वर्ष मागणार होती.  सरूनं तांदळाचं रिकामं पोतं झटकलं. पाव्हणे पंगतीला बसले तेव्हा बाहेरच्या चारशे जोडांमधून तिनं नेमके वराकडचे निवडले. त्रेचाळीस जोड, एकही आपल्याकडचा नाही. (पोत्याचं तोंड मी धरलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.)

मे महिना, दुपारचा दीड, मंगल कार्यालयाचं सिमेंटचं अंगण. पाव्हणे मांडवाच्या कडेला आले आणि तिथंच थबकले. दोन-तीन हिमतीचे उतरले, ते नाचतच परत आले. सरू पोत्यावर बसलेली. सखारामराव विचारायला आले, तर म्हणाली, “समद्यांचे देते. पोरीचं एक वरीस ऱ्हायलंय, ते पुरं करू देता का नाय, तेवढं माइकवर बोला.” सखारामरावांनी अंगणाकडे पाहिलं, मग माइक मागवला. सून शिकेल, असं चारशे माणसांसमोर बोलले. त्यावर हिनं ज्याचा जोड त्याच्या पायाशी नेऊन ठेवला. दोन सख्ख्या भावांनी एकाच दुकानातून घेतलेले सारखे जोडसुद्धा चुकले नाहीत. शेवटी सखारामराव पोट धरून हसले. परवा तनुजाचा कॉलेजचा फॉर्म त्यांनीच नेऊन दिला.

फक्त तुम्ही हसला नाहीत. बहिणीनं पाव्हण्यांसमोर मान खाली घालायला लावली म्हणालात, आणि पाठवणी होताच जीपमध्ये जाऊन बसलात. दादा, सहा महिने हात जोडून तुम्हाला जे मिळालं नाही, ते तिनं एका पंगतीच्या वेळात मिळवलं. तुमच्या जागी मी असतो तर तिची वरात काढली असती. पण माझ्या कौतुकानं तिचं समाधान होत नाही, ती तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. परवा गल्लीतल्या बारशाहून मी शेजाऱ्याच्या चपला घालून घरी आलो. तिनं पाहिलं आणि काही बोलली नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली. एकदा या.

तुमचाच,
सूर्यभान

ता. क. वर एक गोष्ट खोटी लिहिली. जोड चव्वेचाळीस होते. पोत्याच्या तळाशी एक काळा जोड राहिला, डाव्या टाचेला झिजलेला. तो तुमचा, त्या दिवशी रागात तुम्ही अनवाणीच जीपमध्ये बसलात. मला वाटलं, हिची जन्मातली पहिली चूक. तर म्हणाली, “चूक नाय. दादा रागावणार हे ठावं व्हतं. जोडे हितं ऱ्हायले तर न्यायला तरी येईल.” तुम्ही आला नाहीत. नवे घेतलेत, असं वहिनी म्हणाल्या.

आणखी ता. क. हे पत्र घेऊन येणाऱ्या माणसाकडे तुमचे जोडे गुपचूप पाठवावेत असा माझा विचार होता. पण ते हलवता येत नाहीत. सरूनं ते दाराबाहेर ठेवलेत, तोंडं आत करून, आणि रोज सकाळी पुसते. काल शेजारीण विचारत होती, पाव्हणं कोण आलंय म्हणून. सरू म्हणाली, “दादा आलाय. आत बसलाय.” आत मी एकटाच होतो.